आमंत्रणाला कुलूप

आमंत्रणाला कुलूप लावणारी बाई म्हणून आमच्या गणगोतात माझं नाव झालंय. भुसावळपासून पार सुरतेपर्यंत. कुणाच्या लग्नात गेले की पहिला टोमणा तोच असतो, "काय चारू, जेवायला बसू ना गं? की पंगतीलाही पासवर्ड आहे?" हसा मेल्यांनो, हसा. तुमच्या त्या हसण्यानेच माझं घर बसलं, पण ते तुम्हाला कोण सांगणार!

मी चारुशीला झांबरे. भुसावळात विमा विकते, आणि बरा विकते. नवरा गेल्यावर याच धंद्यावर रेवाला शिकवलं, तिचं लग्न करून दिलं. माणूस दारातून आत आला की तो काय लपवतोय हे मला तो चप्पल काढेपर्यंत कळतं. पण आता या कसबाला कोण विचारतो! पूर्वी फॉर्म भरायचा असे. बिडी? नाही. दारू? छे. घरात कुणाला साखर? नाव काढू नका. फॉर्मवर अख्खा तालुका ठणठणीत. आता फॉर्मच गेले, आणि कंपनी सरळ 'चाहूल'ला विचारते.

चाहूल म्हणजे कुणी कुडमुड्या जोशी नव्हे, यंत्र आहे ते. आपण सगळे ज्या 'सुगम'च्या पत्त्यावरून मेल पाठवतो, फुकट आणि जन्मभर फुकट, त्या सुगमचं सगळं टपाल हे यंत्र वाचतं. माणूस बसून वाचत नाही, म्हणून कुणाला लाजही वाटत नाही. कोट्यवधी लोकांची वर्षानुवर्षांची मेल वाचून त्याला एवढं कळलंय की अमुक तऱ्हेचे शब्द, टाइप करताना वाढलेल्या चुका, उत्तराला लागणारा उशीर, औषधांच्या पावत्या, हे सगळं एकत्र आलं की पुढे साधारण काय होतं. त्यावरून ते अंदाज काढतं आणि विकतं. हा माणूस नोकरी सोडणार. हिचा संसार टिकणार नाही. ह्याचं मूत्रपिंड जाणार. विमा कंपन्या अंदाज घेतात, नोकरी देणारे घेतात, वधूवर मंडळं तर चढाओढीने घेतात, कारण बहुतेक खरे निघतात. त्या अंदाजांच्या जोरावर मीही कित्येकांना तोंडावर नाही म्हटलेलं आहे. धंदा आहे, त्यात काय वाईट वाटून घ्यायचं.

मग माझ्या हातून कप पडायला लागले. एक फुटला, दुसरा फुटला, मी म्हटलं कपच भिकार आहेत. मग बसल्या बसल्या पायाची बोटं आपोआप हलायला लागली. मग एका गिऱ्हाइकाला मी म्हणून बसले, "तुमच्यापेक्षा तुमची बायको हुशार दिसते, तिलाच बोलवा." ते खरंच होतं, पण असली खरी गोष्ट मी एरवी पोटात ठेवते. गिऱ्हाईक गेलं, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली.

गावात दाखवलं असतं तर संध्याकाळपर्यंत बाजारात कळलं असतं. म्हणून पुण्याला डॉ. केतकर बाईंकडे गेले. त्यांनी रक्त तपासलं, समोर बसवलं आणि सांगितलं, हंटिंग्टन. आपल्या एका जनुकात तीन अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा लिहिलेला असतो. तो सगळ्यांचाच असतो, पण काहींचा प्रमाणाबाहेर लांबलेला असतो. त्यांचा मेंदू चाळिशी-पन्नाशीत आतून झिजायला लागतो. हातपाय आपोआप हलतात, नाचल्यासारखे. पुढे तोल जातो, जिभेवरचा ताबा जातो, मग आठवण, मग गिळणंही. आता निघालेल्या औषधांनी वेग कमी होतो, पण थांबत नाही.

"आईवडिलांपैकी कुणाला असं काही होतं?" त्यांनी विचारलं.

नाही म्हणणार होते, तेवढ्यात मला माझी आई दिसली. देव्हाऱ्यासमोर, केस मोकळे, मान फिरतेय, हात हवेत. माझ्या आईच्या अंगात देवी यायची. आधी मंगळवार-शुक्रवार, मग रोज, मग भाकरी थापतानाही. गल्लीतल्या बाया ओटी घेऊन यायच्या, पाया पडायच्या, म्हणायच्या की देवी एवढी प्रसन्न आहे की जातच नाही. शेवटी त्या देवीने तिला जिन्यावरून खाली पाडलं, आणि ती गेली.

"देवी होती," मी म्हणाले. डॉक्टरबाईंनी मान खाली घालून ते टिपून घेतलं.

"मुलं?"

"एकच मुलगी. नाशिकला असते."

"तिला असण्याची शक्यता निम्मी. नाणं उडवल्यासारखं. तिची इच्छा असेल तर तपासता येईल. पण चारुशीलाताई, न जाणून घेण्याचाही तिला हक्क आहे, तेव्हा घाई करू नका."

रेवाला चौथा महिना लागला होता. लग्नानंतर किती वर्षांनी! रोज सकाळी फोन करून मला सांगायची की आज उलटी झाली नाही, आज चिंचेचा वास आवडला. त्या पोरीला मी काय सांगू? तुझ्यात असेल, असलं तर पोटातल्यातही असेल, निम्मं निम्मं? मी तिथेच खुर्चीत ठरवलं की बाळंत होईपर्यंत या कानाचं त्या कानाला कळू द्यायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. बाळ हातात आलं की मग बघू.

पण माझाच शहाणपणा आड आला होता. हे सगळं कळण्याच्या आधीच मी हौसेने नातवंडाचा गर्भविमा काढून ठेवला होता. आजी एजंट आणि नातवंड विम्यावाचून, लोक काय म्हणतील! आता त्या विम्याचा नियम असा की सातव्या महिन्यात कंपनी घरच्या वडीलधाऱ्यांचे अंदाज पुन्हा मागवते. रद्द करावा तर कशाला रद्द केला म्हणून नजरेत येणार. म्हणजे तोवर चाहूलला माझ्याबद्दल काही कळता कामा नये. डॉक्टरबाईंशी बोलायचं, औषधं मागवायची, अहवाल घ्यायचे, तर ते सुगमच्या पत्त्यावर शक्यच नव्हतं.

मग मी बंद पत्ता शोधायला निघाले. खाजगी टपालाचं दुकान मांडून बसलेल्या कंपन्या पुष्कळ आहेत. मी त्यांना गिऱ्हाईक म्हणून नाही, एजंट म्हणून धुतलं. पहिली म्हणाली, आम्ही फुकट आणि खाजगी. मी विचारलं, "फुकट देता, मग खाता काय?" ती यादीतून बाद. दुसरीचं टपाल बंद होतं, पण विषयाची ओळ उघडी. म्हणजे पाकीट डिंकाने चिकटवायचं आणि वर ठळक लिहायचं, 'हंटिंग्टन तपासणी अहवाल'! तिसरी म्हणाली, पासवर्ड विसरलात तर एक फोन करा, आम्ही नवा देऊ. वा रे वा! माझ्याशिवाय तुम्हाला दार उघडता येत असेल तर ते दार माझं कसलं?

शेवटी 'कडीकोयंडा' सापडला. वर्षाचे पैसे रोख मोजून घेणारा, आपली यंत्रणा कुणालाही तपासू देणारा. त्यांची युक्ती मला आवडली. तुमच्या दोन किल्ल्या असतात. एका किल्लीने फक्त कुलूप लागतं, ती जगाला वाटून टाकायची. दुसरीने ते उघडतं, ती तुमच्याजवळून हलत नाही. पाठवणारा तुमच्या पहिल्या किल्लीने पत्र बंद करतो, आणि मग वाटेत कुणी धरलं, कंपनीच्या मालकाने धरलं, सरकारने धरलं, तरी त्यांच्या हाती नुसतं भुसकट लागतं. पासवर्ड हरवला तर मात्र सगळं गेलं, कुणी वाचवणार नाही. डॉक्टरबाईही त्यावरच होत्या. मी पत्ता घेतला, सुगमचा जुना खोडून टाकला आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

इथवर माझं काही चुकलं असेल तर सांगा! चुकलं ते पुढे, डोहाळजेवणाला.

सातव्यात माहेरी ओटी भरायची, ती भुसावळात भरायची, हॉल घ्यायचा, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी करायची, हे तर ठरलेलंच होतं. आमच्यात आमंत्रण प्रत्येकाच्या नावाने जावं लागतं. नाव राहिलं तर माणूस मरेपर्यंत धरून ठेवतो. मी सगळ्यांना एकेक मेल केलं, नव्या पत्त्यावरून. वर आपल्याकडे घर बदलल्यावर कळवतात तसं रीतीने लिहिलं की आमचा पत्ता बदलला आहे, कृपया नोंद घ्यावी. कुलूप काढून पाठवायची सोय कडीकोयंड्यात होती. पण मी म्हटलं, दार एकदा लावलं की लावलं. ज्यांच्याकडे कडीकोयंडा नाही त्यांना पासवर्ड घालून उघडावं लागणार होतं. पासवर्ड सगळ्यांना ठाऊक असलेला हवा, म्हणून खाली सूचना दिली: आपल्या कुळदेवीचं नाव.

कुणाच्या कुळदेवीचं, ते लिहायचं मी विसरले. माझ्या माहेरची देवी वेगळी, सासरची वेगळी. निम्मं गणगोत आपापल्या देवीचं नाव घालून बाहेर ताटकळत बसलं.

पहिला फोन बेबीमावशीचा, माझ्या आईच्या धाकट्या बहिणीचा.

"अगं चारू, हे काय नवीन खूळ? मी देवीचं नाव घालतेय, तर म्हणतंय चुकीचं!"

"मावशी, ते सासरच्या देवीचं घाल."

"तुझ्या सासरची देवी मला काय माहीत! मी आपली तुझ्या आईच्या अंगात यायची तिचं नाव घातलं. तिला नाही म्हणतंय तुझं यंत्र. आणि आमंत्रणाला कुलूप कशाला गं? जेवायला बोलावतेस की दरोडा घालायला?"

"आजकाल सगळेच लावतात, मावशी."

"कोण लावतं? काय लपवतेस गं तू?"

मी हसण्यावारी नेलं. पण मावशी गप्प बसणारी नव्हे. तिने माझ्या मामेभावाला, विलासला मेल केलं. विलासने त्याच्या बहिणींना. बहिणींनी जावांना. सगळे सुगमवर. विषय एकच, चारूचं कुलूप. आणि देवीचं नाव निघालंच होतं, तर माझ्या आईची देवीही निघाली. कुणी लिहिलं, आत्याबाईच्या अंगात पहिल्यांदा आलं तेव्हा मी तिथे होतो. कुणी लिहिलं, शेवटी शेवटी तिला घोटभर पाणीही गिळता येत नव्हतं. कुणी लिहिलं, आणि चारू बघितलीस का त्या बारशाला? चहा देताना ट्रे कसा थडथडत होता. विलासने लिहिलं, मला तर ती हल्ली वाटेल ते तोंडावर बोलते, पिते की काय? त्यावर हसण्याची चित्रं.

ही मेल मी पुढे वाचली, सगळ्यांनी मला कौतुकाने दाखवली. कुणाच्याच मनात वाईट नव्हतं. त्याचाच मला जास्त संताप येतो.

चाहूलचं एक गणित आहे, धंद्यात आम्ही त्याला पोकळी म्हणतो. दात पडला की दंतवैद्य काय करतो? शेजारचे दात बघतो आणि मधला बेतून देतो, इतका नेमका की जीभही फसते. तसंच हे. माणूस सुगमवरून उठून गेला की यंत्र त्याची जागा रिकामी ठेवतं आणि शेजारपाजारच्या टपालावरून त्याला बेततं. गंमत अशी की हा बेतलेला माणूस खऱ्यापेक्षा खरा निघतो. आपण स्वतःबद्दल लिहितो ते सजवून लिहितो. आपल्याबद्दल दुसरे लिहितात तेव्हा ते कशाला सजवतील? मी सुगमवर राहिले असते, पापड-कुरडयांच्या गप्पा मारत बसले असते, तर यंत्राला माझ्याबद्दल फार काही कळलं नसतं. मी उठून गेले, जाताना अख्ख्या भावकीला दवंडी पिटून गेले, आणि त्यांनी माझी रिकामी जागा शिगोशीग भरून दिली. एकेकाकडे एकेक तुकडा होता आणि कुणालाच पूर्ण चित्र दिसत नव्हतं. यंत्राने तुकडे जोडले. आईची देवी, आईचं गिळणं, माझा ट्रे, माझी जीभ.

कंपनीने गर्भविम्यासाठी अंदाज मागवला, तेव्हा चाहूलकडे तो तयार होता.

डोहाळजेवणाच्या दिवशी रेवा हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसली होती. गोड दिसत होती माझी बाय. जावई, अद्वैत, तिच्या मागे उभा राहून झोपाळा हलवत होता. बाया डोहाळे गात होत्या. झाकलेल्या वाट्यांत पेढा की बर्फी, हे काढून झालं, पेढा निघाला, सगळ्या ओरडल्या.

मग ओटी. विधवेने ओटी भरायची नसते, असं दोघी-तिघी कुजबुजल्या. मी मोठ्याने म्हणाले, "माझ्या लेकीची ओटी मीच भरणार, ज्याला बघवत नसेल त्याने डोळे मिटावेत." पण कुणी डोळे मिटले नाहीत, उलट सगळे टक लावून बघायला लागले. ताट उचललं, नारळ, तांदूळ, फळं, आणि मी सगळा जीव हातात आणून चालत निघाले. तेवढ्यात रेवाच्या मांडीवरचा फोन वाजला. शुभेच्छा असतील म्हणून तिने हसत हसत बघितलं.

त्यात काय लिहिलं होतं ते मला आता पाठ आहे. "आपल्या निकटच्या व्यक्तीच्या प्रकृतीविषयी गंभीर स्वरूपाचा अंदाज निघाला असून तो संबंधितांस कळविणे कायद्याने बंधनकारक आहे. सदर व्यक्तीचा खुला पत्ता उपलब्ध नसल्याने सर्वांत जवळचे सज्ञान नातेवाईक म्हणून आपणांस कळविण्यात येत आहे." खाली माझं नाव. खाली आजाराचं नाव. त्याखाली, आनुवंशिक.

हा कायदा लोकांच्या भल्यासाठी झाला होता. तुमच्याबद्दल कुणी गंभीर अंदाज विकत असेल तर तो आधी तुम्हाला कळला पाहिजे, अशी मागणी होती, मोर्चे निघाले होते. हे कलम मी एजंटच्या परीक्षेला तोंडपाठ केलं होतं. पत्ता बंद असेल तर सूचना नातेवाइकाला जाते, हे ऐन वेळी मला का आठवलं नाही? मूर्खपणा होता, की आजारानेच तेवढं पुसून टाकलं होतं, देव जाणे.

रेवाचं हसू गेलं नाही. तसंच चेहऱ्यावर राहिलं. तिने फोन पालथा ठेवला आणि बेबीमावशीला विचारलं, "मावशीआजी, माझ्या आजीच्या अंगात देवी यायची ना?"

"यायची म्हणजे काय! साक्षात!" मावशीला कोण उत्साह. "उभी गल्ली पायावर लोळायची."

"कशी यायची? दाखव ना."

आणि माझ्या मावशीने, त्या भरल्या हॉलमध्ये, हात वर करून, मान वाकडी करून, माझी आई करून दाखवली. बाया हसल्या, दोघींनी हात जोडले. विलास म्हणाला, "शेवटी शेवटी तर चोवीस तास यायची." रेवा सगळ्यांकडे बघत, मान डोलवत, एकेकाला विचारत होती. किती वयाची होती तेव्हा? बोलायची कशी? जेवायची कशी? आणि ते सांगत होते, भरभरून, लेकीला आजीचं कौतुक म्हणून.

मग ती माझ्याकडे वळली. "आई, ताट खाली ठेव आणि हात पुढे कर."

"रेवा, ओटी भरू दे आधी."

"हात पुढे कर."

ताट ठेवायला वाकले तर नारळ घरंगळला. हात पुढे केला. आधी बोटं हलली, मग मनगट. मी दुसऱ्या हाताने तो धरायला गेले, तर दुसराही हलायला लागला. गाणी थांबली होती. कुणीतरी मागून हळूच म्हणालं, "अगं बाई, हिच्याही अंगात आलं!" आणि एक म्हातारी खरंच पाया पडायला पुढे आली.

कपडे बदलायच्या खोलीत मी, रेवा आणि अद्वैत, तिघंच. तिने फुलांचे दागिने काढून खुर्चीवर फेकले.

"तुला कधी कळलं?"

"चौथ्यात."

"चौथ्यात कळलं असतं तर मला काहीतरी ठरवता आलं असतं, आई. सातव्यात मी काय ठरवू?"

"मी तुझ्या भल्यासाठीच..."

"रोज सकाळी फोन करत होते मी तुला! रोज विचारायचे, तुझी तब्येत कशी. सगळं ठीक आहे म्हणायचीस."

"तुला सुखाने दिवस काढता यावेत म्हणून गं. आई आहे मी."

"मी पण होणार आहे ना आई? मग मला कळायला नको होतं?"

अद्वैत म्हणाला, "रेवा, बस जरा." ती बसली नाही. मला वाटलं ती मला मारेल, आणि खरं सांगते, तिने मारलं असतं तर बरं झालं असतं. ती शांत झाली. माझ्याच सारखी आहे ती, सौदा ठरवताना शांत होते.

पुढच्याच आठवड्यात तिने केतकर बाईंकडे जाऊन रक्त दिलं. मला बोलावून घेतलं आणि त्यांच्यासमोर सांगितलं, "अहवाल मला नको. आईच्या बंद पत्त्यावर पाठवा."

"असं आम्ही करत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "अहवाल ज्याचा त्याने घ्यायचा, नाहीतर घ्यायचाच नाही."

"न जाणून घ्यायचा हक्क आहे ना मला? तो मी घेतेय. आणि जाणून घ्यायचा हक्क आईला देतेय. कुठे सही करू?"

बाईंनी पुष्कळ समजावलं. अद्वैतने हात जोडले. मी तर तिच्या पाया पडायची बाकी होते. "रेवा, हे नको. दुसरी काय हवी ती शिक्षा दे."

"शिक्षा कसली?" ती म्हणाली. "तुला आवडतं ना पोटात ठेवायला? आणि कुलूपही चांगलं घेतलंयस. आता हे ठेव. चांगलं असो, वाईट असो, मला सांगायचं नाही. कधीच नाही." शेवटी बाईंनी संमतीचा कागद पुढे सरकवला, आणि तिने सही केली.

अहवाल आला. न उघडता राहणारी बाई मी नाही. उघडला, वाचला, बंद केला. काय होतं ते मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्हीही कुणाला ना कुणाला मेल पाठवताच.

रेवाला मुलगी झाली. पेढा खोटा ठरला. बाळंतपणाला तिने मला बोलावलं नाही, सासू होती. पण तिने मला तोडलं, असं कुणी म्हणू नये. दर रविवारी दुपारी ती फोन करते, चेहरा दिसेल असा. बाळ दाखवते. इकडचं तिकडचं बोलते. बोलताना तिचे डोळे माझ्या चेहऱ्यावरून हलत नाहीत. मी आधी औषध घेते, हात मांडीखाली दाबून बसते, आणि हसते. फोन ठेवायच्या आधी ती दर वेळी एकच विचारते, "आई, काही सांगायचंय?"

"नाही गं. जेवलीस का?"

"जेवले." आणि ठेवते.

पहिले काही रविवार मला वाटायचं, जमतंय मला. विमा विकून विकून चेहरा कमावलाय मी. मग एकदा भाजी निवडताना एक गोष्ट डोक्यात आली. रेवाचा दहावीचा निकाल मी तिच्या आधी अख्ख्या गल्लीला सांगितला होता. तिचं लग्न ठरलं तेव्हा मुलाकडचे गाडीत बसायच्या आत मी फोन फिरवायला घेतले होते. चांगल्या बातमीवर माझं तोंड जन्मात कधी बंद राहिलेलं नाही. सही असो, शपथ असो, निकाल चांगला असता तर मी पहिल्या गाडीने नाशिक गाठून तिच्या दारात ओरडले असते की रेवा, सुटलीस गं बाई! हे जगात एकाच माणसाला पक्कं माहीत आहे, आणि ते माणूस दर रविवारी माझ्यासमोर बसून विचारतं की काही सांगायचंय का.

मग खोटंच सांगून टाकू? माझ्या तोंडून 'सगळं ठीक आहे' हे तिने तीन महिने रोज सकाळी ऐकलंय. फोन घ्यायचेच बंद करू? तेही उत्तरच झालं. केतकर बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "तिला खरंच कळून घ्यायचं नसेल, तर ती हे गणित मांडणार नाही." माणसाला स्वतःच्या मनाला असं दटावता येत असतं तर काय हवं होतं!

तरी मी आशा धरून होते. ती विचारत होती तोवर ठीक होतं. विचारते म्हणजे तिला अजून माहीत नाही, म्हणजे अजून निम्मं निम्मं आहे, असं मी मनाला समजावत होते. दर रविवारी तिचा तो प्रश्न ऐकला की मला आठवडाभर पुरायचा.

गेल्या रविवारी तिने बाळ पालथं पडलेलं दाखवलं. बाळ मान उचलून फोनकडे बघत होतं, मी इकडून टाळ्या वाजवल्या, हात हलायला लागले म्हणून परत दाबून घेतले. रेवा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "औषधं वेळेवर घे आई, जप स्वतःला," आणि बाळाला उचलून छातीशी धरलं. मी वाट बघत होते. तिने फोन ठेवला. काही सांगायचंय का, हे तिने विचारलंच नाही.